जिथे हात पडतो

खरीखुरी छायाचित्रं घालून विक्रीला काढलेल्या जगातल्या अगदी पहिल्या पुस्तकांत विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटचं ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ येतं. १८४४ ते १८४६ या काळात ते भागाभागांनी निघालं. त्यात २४ चित्रं आहेत. ऑक्सफर्डचं कॉलेज, पॅरिसचा रस्ता, फळ्यांवर मांडलेली चिनी मातीची भांडी, काचेचे पेले, गवताची गंजी असं बरंच काही. सहावं चित्र एका उघड्या दाराचं आहे. दाराशी खराटा टेकून ठेवलाय. काटक्यांचा, अंगण झाडायचा, कुठल्याही गोठ्याबाहेर दिसेल असा. एका बाजूला भिंतीवर कंदील, दुसऱ्या बाजूला घोड्याचा लगाम. माणूस कुणीच नाही.

त्या काळी कागदावर चित्र उमटायला वेळ लागायचा, माणसं हलायची आणि वस्तू हलत नसत, म्हणून पहिल्या छायाचित्रकारांनी वस्तू धरल्या असं सांगतात. ते खरंच आहे. पण टॅल्बटने हा खराटा नुसता हलत नाही म्हणून निवडला नव्हता. असं दृश्य त्याने आधीही काढून पाहिलं होतं आणि त्यातल्या एकाला त्याच्या आईने ‘खराट्याचं स्वगत’ असं नाव दिलं होतं. घरातली नजर बहुधा आईची असावी. डच चित्रकारांनी रोजच्या साध्या वस्तू रंगवल्या, तेव्हा आपल्यालाही त्याला आधार आहे, अशा अर्थाचं टॅल्बटने त्या चित्रासोबत लिहून ठेवलंय. म्हणजे ही कला नुकती कुठे पावलं टाकत होती, तेव्हाच कुणाला तरी खराट्याच्या चित्रासाठी थोरामोठ्यांची साक्ष काढावी लागली होती.

मला हे चित्र फार आवडतं आणि थोडं खुपतंही. टॅल्बट लॅकॉक ॲबीचा मालक, जमीनदार. त्या दाराशी झाडलोट करणारं माणूस दुसरंच असणार. ते चित्रात नाही, त्याचं नाव पुस्तकात नाही. खराटा मात्र पावणेदोनशेहून जास्त वर्षांनीही संग्रहालयांच्या भिंतींवर आहे.

आपल्याकडे केरसुणीला निदान वर्षातून एकदा मान मिळतो. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणतात, हळदकुंकू वाहतात, तिला पाय लागला तर नमस्कार करतात. दुसऱ्या दिवशी ती दाराआड जाते. मी कृष्णधवल फोटो काढते ते अशाच दाराआडच्या वस्तूंचे. वाईला माहेर, पुण्यात संसार, त्यामुळे पडके वाडे आणि जुना बाजार या दोन्ही गोष्टी हाताशी. कॉलेजात होते तेव्हा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म मिळायची आणि ती माझ्या खिशाला परवडायची. तो कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली. लाल दिवा, हायपोचा नाकात बसणारा वास, दोरीवर चिमट्यांनी टांगलेल्या ओल्या पट्ट्या, यांच्या आठवणी सगळेच जुने फोटोवाले काढतात, तेव्हा मी काढत नाही. आता मी डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढते, कधी मोबाइलनेही काढते, आणि त्यात मला काही उणं वाटत नाही. रंग काढून टाकायचा हा निर्णय मात्र मी बदललेला नाही.

रंग असला की डोळा आधी किंमत करतो. पिवळं दिसलं की पितळ, जपून ठेवा. पांढुरकं दिसलं की जर्मनचं पातेलं, भंगारात घाला. तांबूस दिसलं की गंज, हात लावू नका. प्लास्टिकचा मग लाल आहे की निळा हे इतकं आधी सांगून टाकतो की पुढे बघण्यासारखं काही उरतच नाही. रंग गेला की या सगळ्यांची प्रतवारी गळून पडते. तांबं, जस्त, लाकूड, कातडं हे सगळं काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या एकाच पट्ट्यावर येऊन बसतं, आणि मग त्यांच्यातला फरक शोधायला पृष्ठभागाकडेच जावं लागतं. कुठे पोचा आलाय, कुठे कल्हई उडालीय, कुठली कड बोथट झालीय, कुठला भाग इतका हाताळलाय की तो एकटाच चकाकतोय. मला यातला शेवटचा भाग हवा असतो. कुलपाच्या पाठीवर, विळीच्या पाटावर, खलबत्त्याच्या काठावर, दाराच्या कडीवर तो असतोच. हात जिथे पडतो तिथे वस्तू उजळते आणि बाकीची काळी पडत जाते.

कॅमेऱ्याला हे कळत नाही, ते त्याच्याकडून करून घ्यावं लागतं. त्याच्यातला उजेड मोजणारा मीटर अशी समजूत करून बसलेला असतो की जगातली प्रत्येक गोष्ट सरासरीने मध्यम राखाडी असते. चुलीवरचा काळाकुट्ट तवा दाखवा, तो त्याला उजळ करून राखाडी करतो. चुन्याने सारवलेली भिंत दाखवा, तिला मळवून राखाडी करतो. तव्याला तवा ठेवायचा तर आपण होऊन उजेड कमी द्यायचा, भिंतीला जास्त. अ‍ॅन्सेल ॲडम्सने फ्रेड आर्चरच्या जोडीने १९४० च्या सुमाराला याचं अख्खं शास्त्र बांधलं. निखळ काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंत ११ पायऱ्या, आणि कुठली वस्तू कुठल्या पायरीवर बसवायची हे फोटो काढणाऱ्याने आधी ठरवायचं. ॲडम्सने ते अमेरिकेतल्या कड्यांसाठी आणि बर्फासाठी वापरलं. माझ्या तव्याला ते तितकंच लागू पडतं.

आणि कृष्णधवल फोटो खरं बोलतो हा समज तर सोडूनच द्यावा. जुन्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. त्यामुळे आपल्या पणजीच्या फोटोत कपाळावरचं कुंकू काळंभोर दिसतं आणि ओठ काळपट. तिच्या लुगड्याचा रंग कुणी छातीठोकपणे सांगू लागलं तर विश्वास ठेवू नका. पुढे सगळे रंग ओळखणारी फिल्म आली आणि कॅमेऱ्याच्या भिंगापुढे पिवळी, नारिंगी, लाल काच लावून कुठला रंग उजळ करायचा आणि कुठला गडद करायचा हे आपल्या हातात आलं. आज तेच संगणकावर एका बोटाने होतं. म्हणजे हा सगळा निवडीचा मामला आहे, आणि निवड म्हटली की ती कुणी केली, कशासाठी केली, हे विचारणं आलंच.

रघुवीर सिंह यांनी ते विचारलं होतं. भारतीय छायाचित्रणातला रंगांचा तो फार मोठा माणूस. १९९८ साली निघालेल्या त्यांच्या ‘रिव्हर ऑफ कलर’ या पुस्तकात त्यांनी असं मांडलं की कृष्णधवल दृष्टी ही पश्चिमेच्या मनाची आहे, भारतीय माणूस जग रंगांतून बघतो. घाट, जत्रा, रंगपंचमी, राजस्थानातले फेटे डोळ्यांपुढे आणले तर त्यांचं म्हणणं पटतं. पण मी वाईची आहे. घाटावरच्या पायऱ्या काळ्या, देवळं काळी, वाड्यांची जोती काळी. सह्याद्रीचा हा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवलेला लाव्हा, आणि आमचं जातं, पाटा, उखळ, उंबरठ्याची पायरी सगळं त्यातूनच घडलेलं. भिंतींना चुना, चुलीवर काजळी, भांड्यांना राख. आमच्या स्वयंपाकघरात रंग येई तो भाजीतून आणि हळदीतून, वस्तू आधीच कृष्णधवल होत्या. त्यांचा फोटो काढताना मी रंग काढून टाकतेय असं मला फारसं वाटतच नाही.

पाट्याचं उदाहरण घ्या. नव्या पाट्याला टाकीचे घाव घातलेले असतात, म्हणून त्यावर वाटलं जातं. वापरून वापरून ते घाव बुजतात, दगड गुळगुळीत होतो आणि खोबरं नुसतं सरकायला लागतं. मग पाट्याला टाकी लावून देणाऱ्या बायका दारावरून ओरडत जायच्या. त्या ओसरीवर बसून छिन्नी-हातोडीने सगळा पाटा पुन्हा टोचून काढायच्या. पुन्हा वापर, पुन्हा झीज, पुन्हा टाकी. कितीएक वर्षं असं झाल्यावर पाटा मधोमध खोलगट होतो. झिजलेला दगड गेला कुठे हा प्रश्न मी लहानपणी विचारला होता. चटणीत, असं शांतपणे उत्तर मिळालं होतं.

अशा पाट्याचा फोटो भर दुपारी अंगणात काढलात तर हाती एक काळा चौकोन लागेल. तो सकाळी परसदारी ठेवा, ऊन जमिनीला जवळजवळ समांतर येत असताना. प्रत्येक घावाची एक कड उजळते आणि दुसरी सावलीत जाते. नवे घाव जुन्यांपासून वेगळे ओळखू येतात. वाटणारीचा जोर कुठल्या बाजूला जास्त पडायचा तेही दिसतं, कारण खळगा कधी बरोबर मध्ये नसतो. या एका आडव्या उजेडाखेरीज माझ्याकडे दुसरी कुठलीही युक्ती नाही. महाग भिंगं घ्यायला निघालेल्यांना मी आधी पूर्वेकडची खिडकी शोधायला सांगते.

वाईच्या वाड्यात मागच्या बाजूला जातं पडून होतं. पावसाने हिरवंकाळं झालेलं, वरच्या तळीच्या तोंडात गवत उगवलेलं. त्याचा फोटो चांगला आला, इतका की मी तो मोठा छापून घेतला आणि आत्याला दाखवायला नेला. आत्या लग्नाआधी आणि लग्नानंतरही पहाटे उठून त्यावर, नाहीतर त्याच्यासारख्याच दुसऱ्यावर, दळत आलेली. तिने चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला.

“दगड झकास आलाय गं,” ती म्हणाली. “ह्याचा खुंटा कुठाय?”

खुंटा नव्हता. लाकडी, कधीच कुजून गेला असणार. तिने तो जिथे असायचा त्या भोकावर बोट ठेवलं आणि मग स्वतःचा तळवा माझ्यापुढे केला. तळव्यात आता घट्टे नव्हते, पण कुठे होते ते तिने बोटाने दाखवलं.

“आत्या, तुला आठवण येत नाही याची?”

“आठवण कसली! गावात गिरणी आली तेव्हा खरं तर गावजेवण घालायला हवं होतं. कुणाला सुचलं नाही. तुम्हा लोकांना जुनं काही दिसलं की उमाळे येतात. तू दळून बघ पायलीभर.”

मी फोटो गुंडाळून परत आणला. तो वाईट होता असं मला आजही वाटत नाही. पण जुन्या वस्तूंच्या फोटोंकडे बघताना त्या दिवसापासून मी एकच प्रश्न विचारते: यात खुंटा आहे का? म्हणजे ज्या जागी माणसाचा हात होता ती जागा यात दिसते का, की नुसताच गंज आणि शेवाळ आहे? गंज हवेने आणि पाण्याने चढतो, त्याला माणूस लागत नाही. झीज माणसाशिवाय होत नाही. या दोन्हींना आपण ‘जुनं’ या एकाच खात्यात टाकतो आणि प्रदर्शनात सगळा भाव गंजाला मिळतो, कारण तो दिसायला सोपा.

एडवर्ड वेस्टनची ढोबळी मिरची सगळ्या जगाला माहीत आहे. १९३० साली त्याने ती पत्र्याच्या नरसाळ्यात बसवून फोटो काढला, आणि ती मिरची राहिलीच नाही. कुणाला त्यात पाठ दिसते, कुणाला मिठी. त्याआधी १९२५ साली मेक्सिकोत असताना त्याने शौचकूपाचा फोटो काढला होता आणि त्यात त्याला शिल्प दिसलं होतं. त्या नजरेपुढे मी नमते. पण वेस्टनला वस्तूच्या पलीकडे जायचं असतं आणि मला तिच्याजवळ थांबायचं असतं. म्हणून मला वॉकर एव्हान्स जवळचा. १९५५ साली ‘फॉर्च्यून’ मासिकात त्याने साध्या हत्यारांचे फोटो दिले: पक्कड, पत्रा कापायची कात्री, पाना. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात तशी, नवी कोरी, साध्या पार्श्वभूमीवर सरळ ठेवलेली. फोटोखाली हत्यार बनवणाऱ्याचं नाव आणि त्याची किंमत. पत्रा कापायची कात्री, १ डॉलर ८५ सेंट. ना गंज, ना तडा, ना हुरहुर. तरी मूठ अशी दिसते की बघणाऱ्याची बोटं आपोआप वळावीत. जुनेपणाची मदत न घेता वस्तूत हात दाखवता येतो, याचा यापेक्षा चांगला पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

अर्थात याच एव्हान्सने १९३६ साली अलाबामातल्या खंडकरी शेतकऱ्यांच्या घरांत जाऊन फोटो काढले होते. त्यातल्या एका फोटोत स्वयंपाकघराची फळ्यांची भिंत आहे आणि आडव्या ठोकलेल्या पट्टीमागे काटे-चमचे खोचून ठेवलेत. चमचे ठेवायला खण नाही, म्हणून भिंत. फोटो इतका नेटका आहे की गरिबी हीच एक मांडणी वाटायला लागते. ते फोटो पुस्तकात आले, पुस्तक गाजलं, आणि त्या कुटुंबांतल्या काही वारसांनी पुढे त्याबद्दल नाराजी बोलून दाखवली. आमचं घर असं जगाला का दाखवलं? मला त्यांचा राग समजतो. माझ्या आत्याचा सूर काही फार वेगळा नव्हता, फक्त ती घरातली असल्यामुळे मला तो ऐकायला मिळाला.

दुसऱ्यांच्या वस्तूंत न शिरता आपल्याच खिडकीत बसून राहणारा एक माणूस होता, प्रागचा योसेफ सुडेक. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. तरी तो जाडजूड लाकडी कॅमेरे आणि त्यांचं तिकाटणं एका हाताने आणि खांद्याने वाहत राहिला. १९४० पासून १९५४ पर्यंत त्याने आपल्या स्टुडिओची खिडकी टिपली. बाहेर आधी नाझी होते, मग राजवट बदलली. आत काचेवर जमलेली वाफ, पाण्याचा पेला, एखादं अंडं, पावाचा तुकडा. फोटो मोठा करणं त्याने सोडून दिलं होतं, जेवढी निगेटिव्ह तेवढाच छाप. त्याचे फोटो बघताना मला हे विसरता येत नाही की तो पेला तिथे ठेवणारा हात एकच होता.

सुडेकचा जन्म १८९६ चा. त्याच वर्षी आपले दिनकर केळकर जन्मले, कवितेतले अज्ञातवासी, पुण्यातल्या राजा केळकर संग्रहालयाचे काका. योगायोगापलीकडे यात काही नाही, पण मला तो आवडतो. इतर संग्राहक तलवारी आणि नाणी जमवत होते तेव्हा काकांनी अडकित्ते, दिवे, कुलपं, वज्र्या, झारे आणि कंगवे जमवले. पाय घासायची वज्री काचेच्या कपाटात मांडायला धैर्य लागतं. त्यांच्या संग्रहात मला एकच अडचण वाटते, आणि ती त्यांची नव्हे, माझी आहे: तिथल्या वस्तू देखण्या आहेत. वज्रीवर मोर, अडकित्त्यावर जोडपं, दिव्यावर हत्ती. ज्यांच्यावर मोर नव्हता त्या वस्तू कुणी ठेवल्या नाहीत. त्या बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात गोणपाटावर पडलेल्या असतात.

जुन्या बाजारातही आता दोन तऱ्हा झाल्या आहेत. मोटारींचे सुटे भाग, नळाचे वॉल्व्ह, एकेकटी चप्पल यांच्याकडे गरजू माणूस येतो. तांब्याचा बंब, घंगाळ, दगडी दिवा यांच्याकडे हॉटेलं सजवणारे येतात. बंब घासून लखलखीत होतो आणि त्यात रोप लावतात. घंगाळात पाणी आणि गुलाबाच्या पाकळ्या. मला त्यात गैर वाटत नाही, निदान वस्तू वितळून जात नाही. पण ती घासताना आधी जाते ती झीज. विकणाऱ्याने वर्षानुवर्षांचा हात लिंबू आणि पावडरने अर्ध्या तासात पुसलेला असतो. उलट बाजूने मोबाइलमधली ॲपं आहेत, ती कालच्या फोटोवर खोटे ओरखडे, खोटा पिवळेपणा आणि खोटी धूळ चढवून देतात. घंगाळाची झीज घासून काढायची आणि फोटोला उसनी चढवायची, असा हा उलटा व्यवहार.

दयानिता सिंग यांचं ‘फाइल रूम’ हे २०१३ चं पुस्तक मी ज्यांना ज्यांना दाखवलं त्यांना कागदाच्या धुळीने शिंक येईल असं वाटलं. कृष्णधवल फोटो, आणि विषय फक्त दप्तरखाने: रॅकवर रचलेली बासनं, गाठी मारलेली फडकी, छताला टेकलेल्या फायली. पुण्याच्या पेशवे दप्तरातही मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेत, तेव्हा मराठी वाचकाला ते दृश्य परकं नाही. या फोटोंत कुठलंही कागदपत्र वाचता येत नाही. दिसतात त्या गाठी. प्रत्येक गाठ कुणीतरी सोडलीय आणि पुन्हा बांधलीय, आणि प्रत्येकाची गाठ मारायची तऱ्हा निराळी.

वाचता येण्यासारखी एक वस्तू मात्र आपल्या प्रत्येक घरात आहे आणि तिचा फोटो काढायचं कुणाच्या मनात येत नाही. स्टीलची भांडी. त्यांच्यावर नाव घातलेलं असतं. भांड्यांच्या दुकानात वाटी घेतली की दुकानदार विचारतो, नाव घालायचं का, आणि मशीनच्या टोकाने ठिपक्याठिपक्यांनी कोरून देतो. कुणाच्या मुंजीची, कुणाच्या वास्तुशांतीची तारीख. ‘सप्रेम भेट’, ‘स्मरणार्थ’, ‘यांजकडून’. मूळ हेतू साधा: शेजारी गेलेलं पातेलं परत यावं. पण चाळीस-पन्नास वर्षांनी मांडणी उतरवली की घराण्याची वंशावळ, नातेसंबंध आणि भांडणं सगळी तिथे निघतात, कारण ज्यांच्याशी पुढे बोलणं तुटलं त्यांनी दिलेला डबा अजून वापरात असतो.

स्टीलचा फोटो काढणं मोठं चिकट काम. ते स्वतःचं काही दाखवत नाही, समोरचंच दाखवतं, म्हणजे कॅमेरा आणि त्यामागची मी. उपाय एवढाच की भांड्यासमोर काळं कापड धरायचं आणि उजेड एका बाजूने, अगदी कडेवरून येऊ द्यायचा. मग भांडं काळं पडतं आणि नावाचे ठिपके तेवढे पांढरे उमटतात. त्यांच्याभोवती घासणीचे हजारो बारीक ओरखडे गोल गोल फिरलेले दिसतात. स्टील झिजत नाही म्हणतात, पण रोजच्या घासणीने नावाची अक्षरं हळूहळू उथळ होत जातात. आधी काना पुसट होतो, मग अनुस्वार.

आत्याकडच्या भांड्यांत एक फुलपात्र निघालं. त्यावर तिचं माहेरचं नाव आणि लग्नाची तारीख. लग्नात तिचं नाव बदललं, तेव्हा त्या नावाने तिला सासरी कुणी कधी हाक मारली नाही. माहेरीही पुढे नवंच नाव रुळलं. मी त्याचा फोटो काढला, वस्तू साधी, फोटोही साधा. जात्याच्या फोटोला खुंटा विचारणाऱ्या आत्याने हा हातात धरला आणि म्हणाली, “हा इथंच राहू दे.” तो तिच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली आहे.

प्लास्टिकचं काय, असं मला तरुण मंडळी विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. पुढच्या पिढीच्या दाराआड पाटा नसेल, बादली असेल. प्लास्टिक झिजत नाही, ते उन्हाने पांढुरकं पडतं आणि तडकतं. पण आपल्याकडे तडकलेलं लगेच टाकत नाहीत. खुर्चीच्या पाठीला तापल्या खिळ्याने भोकं पाडून तारेने शिवलेलं मी पाहिलंय. कडी तुटलेल्या बादलीला नायलॉनची दोरी, त्या दोरीवर हाताला रुतू नये म्हणून चिंधी गुंडाळलेली. त्या चिंधीवर पकडीची जागा काळी पडलेली. रंगीत फोटोत लोकांना फक्त निळी बादली दिसली. रंग काढल्यावर चिंधी दिसली. माझ्या मते तो फोटो जात्याच्या फोटोपेक्षा उजवा आहे, भिंतीवर लावायला मात्र कुणी मागितलेला नाही.

दिवाळीच्या आधी घरं आवरली जातात आणि भंगारवाल्याची हातगाडी भरते. यंदा आवराल तेव्हा एवढं करा. वस्तू जाण्याआधी खिडकीशी ठेवा, दिवा बंद करा, मोबाइलमध्ये रंग काढायची सोय असते ती चालू करा आणि जिथे हात पडत होता ती जागा पुढे येईल असा फोटो घ्या. तो नुसता फोनमध्ये ठेवू नका, कागदावर छापून घ्या. मागे मऊ शिशाच्या पेन्सिलीने लिहा: वस्तू कुठली, कुणी वापरली, कधीपर्यंत. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तेव्हा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. आणि वापरणाऱ्या बाईचं नाव लिहाल तेव्हा तिला विचारून लिहा, कुठलं लिहू.